ओंजळीतला स्वर आणि आकाशातली वाट

सभामंडपात पेटी वाजू लागली की श्रोत्यांची दृष्टी वादकाच्या बोटांवर खिळते. तिच्या पोटातील ज्या पितळी पट्ट्यांस कारागीर 'सूर' म्हणतात, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. माउथ ऑर्गन हे तिचेच धाकटे भावंड होय. पट्ट्या त्याच जातीच्या; भात्याचे काम मात्र वादकाची छाती करते.

जर्मनीतील ट्रॉसिंगेन गावी मात्थियास होनर याने 1857 साली या वाद्याचा कारखाना घातला आणि पुढे ते अमेरिकेत स्वस्त दरात घरोघर गेले. पण शिकागोच्या मद्यगृहांतील गोंगाटात, विजेच्या गिटारीपुढे, एवढ्याशा वाद्याचा पाड तो काय लागणार! लिटल वॉल्टर या लुइझियानातील तरुणाने वाद्य व मायक्रोफोन दोन्ही एकाच ओंजळीत धरले आणि ती तार ध्वनिवर्धकास जोडली. हे त्यानेच प्रथम केले असा आमचा दावा नाही. परंतु 1952 मधील 'ज्यूक' ही त्याची तबकडी आठ आठवडे आपल्या वर्गात अग्रस्थानी राहिली आणि त्या ओंजळीची परंपरा झाली. स्वर दाट व खरखरीत होऊन येई, तो बंद मुठीमुळे आणि ध्वनिवर्धकातील निर्वात नळ्यांवर पडणाऱ्या ताणामुळे.

हे मायक्रोफोन संगीतासाठी केलेलेच नव्हते. ते साध्या बोलण्याच्या कामाचे. अस्टॅटिक कंपनीच्या 'जेटी-30' मध्ये रोशेल क्षाराचा स्फटिक असे. दमट हवेत तो बिघडतो. आमच्या किनाऱ्यावरील श्रावणात तो किती दिवस तगला असता, हे वाचकांनी घरच्या मिठाच्या बरणीवरून ताडावे.

तार तोडण्याची खटपट लवकरच सुरू झाली. शुअर कंपनीने 1953 साली 'व्हॅगाबाँड' हा बिनतारी मायक्रोफोन आणला. त्याची धाव सुमारे 700 चौरस फुटांच्या वर्तुळापुरती होती. पुढे 1970 च्या दशकात आवाज दाबून पाठवावा व पलीकडे पुन्हा उलगडावा ही युक्ती रूढ झाली, तेव्हा खरखर पुष्कळ कमी झाली.

कीर्तनकारास ही सोय वरदानच ठरली. त्याच्या हाती झांजा किंवा चिपळ्या असतात. मायक्रोफोन उपरण्याशी अडकवला की काम भागले. माउथ ऑर्गनवाल्याचे तसे नाही. त्याची ओंजळ हाच वाद्याचा निम्मा भाग. तीत स्वराचा दाब इतका वाढतो की बेताने न जुळविलेला प्रेषक तो पेलू शकत नाही. शिवाय स्फटिकाचा मायक्रोफोन सामान्य बिनतारी प्रेषकास थेट जोडला तर विद्युत्रोधाचा मेळ बसत नाही. खर्ज गळतो, स्वर पातळ होतो. म्हणून जाणते वादक गिटारीसाठी केलेला प्रेषक कमरेस लावून आखूड तारेने जोडतात आणि ग्राहकयंत्र जुन्या नळ्यांच्याच ध्वनिवर्धकास देतात. म्हणजे तार गेली नाही, फक्त आखूड झाली. आम्हांस यात गंमत वाटते. मोकळे फिरता फिरता वादक ध्वनिवर्धकासमोर आला की शीळ घुमते, ते निराळेच.

आमच्या व्यवसायाचा विषय येथून पुढे सुरू होतो. तार ही वादकाची मालमत्ता. आकाशातील लहरी कोणाच्या? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. सार्वजनिक मालमत्तेचे वाटप सरकार करते, आणि वाटप फिरतेही. अमेरिकेत 12 जून 2010 पासून 698 ते 806 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बिनतारी मायक्रोफोन वापरण्यास मनाई झाली. 13 जुलै 2020 नंतर 617 ते 698 मधील बहुतांश जागाही गेली. ती मोबाइल कंपन्यांनी लिलावात घेतली होती. पदरचे पैसे मोजून घेतलेली, सुस्थितीत चालणारी यंत्रे त्या दिवशी निरुपयोगी ठरली, आणि वादकाचा अपराध तर काहीच नव्हता. 1949 साली निघालेला शुअरचा हिरवा 'बुलेट' मायक्रोफोन मात्र कोणाच्या पेटाऱ्यात असेल, तर त्यास तार जोडून तो आजही बिनपरवाना वाजविता येतो.