जिना दुरुस्त कोणी करायचा?

जुन्या मुंबईबद्दल लिहिताना चाळीची गॅलरी, गणपती, शेजारधर्म हे सगळं हमखास येतं. मला आज लिहायचंय ते चाळीच्या जिन्याबद्दल. लाकडी, अंधारा, एखादी पायरी हललेली. हा जिना दुरुस्त कोणी करायचा? प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर कितीतरी कायदे झालेत.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या वेळी ते योग्यच होतं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, फाळणीचे निर्वासित येताहेत, घरं कमी. कायदाही तात्पुरताच होता. पण मुदत संपत आली की वाढवायची, असं करत तो पन्नास वर्षं टिकला!

गंमत म्हणजे याच कायद्यात घर सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर होती. आता हिशोब करा. गिरगावात माझ्या मावशीच्या खोलीचं भाडं महिना तीस रुपये. अशा वीस खोल्यांचे झाले सहाशे. त्यात सुताराची मजुरी तरी निघेल का?

म्हणून मालक बिचारे, असंही नाही. पागडी घेणं त्या कायद्याने गुन्हा होता, तरी खोली हातोहात जाताना पागडीत मालकाचा वाटा असेच. तो पैसा कागदावर येत नसे, आणि जिन्यावरही क्वचितच खर्च होई. भाडेकरूही पागडी मोजून आलेला, त्यामुळे तो स्वतःला अर्धा मालक समजे. दुरुस्तीचा विषय निघाला की मात्र पुन्हा भाडेकरू.

इमारती पडू लागल्या तेव्हा सरकार मध्ये आलं. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि दुरुस्ती उपकर आला. उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. पुढे हे मंडळ म्हाडात गेलं. १९८६ मध्ये आणखी एक तरतूद आली: सत्तर टक्के भाडेकरू एकत्र आले तर मासिक भाड्याच्या शंभर पट रकमेत इमारत त्यांच्या संस्थेसाठी संपादित करता येईल. म्हणजे मावशीच्या खोलीमागे मालकाला तीन हजार! मालक कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला, की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती होत नाही. तत्त्व ठरलं, पण जिना तिथेच.

त्याआधी १९९७ मध्ये याच न्यायालयाने गोठवलेली भाडी अन्यायकारक ठरवली होती. मग १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. पागडी कायदेशीर झाली, भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येऊ लागलं. तीस रुपयांवर पहिल्या वर्षी एक रुपया वीस पैसे!

३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. अशा वेळी दोषी कोण याची चर्चा होते. मला वाटतं, आपण भाडेकरूला छप्पर दिलं, मालकाला मालकी ठेवली आणि छपराचा खर्च कुणाच्याच वहीत धड लिहिला नाही. भाडं कमी ठेवणं ही समाजाची गरज असेल, तर फरकाचे पैसे समाजाने वेळेवर भरायला हवे होते. आपण ते थकवले. ती थकबाकी त्या जुन्या इमारतींत राहणारी माणसं अजून फेडताहेत.