पोळपाट, सूप आणि घरातले विशेष मूल

विशेष गरजा असलेले मूल वाढवणे आणि घरबसल्या चार पैसे मिळवणे, ही दोन्ही कामे विसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात बहुधा एकाच बाईच्या अंगावर पडली. मुलाला शाळा नाही, शेजारणीकडे ठेवावे तर तिला ते झेपत नाही. म्हणून बाहेरची नोकरी नाही आणि म्हणूनच घरातला धंदा. पण उद्योगाच्या इतिहासात ही बाई 'कारागीर' म्हणून येते, शिक्षणाच्या इतिहासात 'पालक' म्हणून. दोन्हीकडची बाई एकच, हे क्वचितच लक्षात घेतले जाते.

शाळा मुळात थोड्या होत्या. कर्णबधिर आणि अंध मुलांसाठी मुंबईत एकोणिसावे शतक सरता सरता सोय झाली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना त्यानंतर चाळीस वर्षे थांबावे लागले. 1941 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दला वसतिगृह काढले. 1944 मध्ये होरमसजी आणि जेरबानू वकील या दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी शिकवणी सुरू केली. त्यातूनच आजची जय वकील शाळा वाढली. पुण्यात 1964 मध्ये कामायनी आली, मुंबईत 1972 मध्ये मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी संस्था काढली. अलूर यांची स्वतःची मुलगीही त्याच अवस्थेत होती. यातल्या दोन संस्था थेट आईबापांच्या गरजेतून उभ्या राहिल्या. ज्यांना संस्था काढणे शक्य नव्हते, त्यांचे मूल घरीच राहिले.

त्या घरांत कोणता धंदा चालू शकेल, हे पुष्कळदा मुलावरूनच ठरे. सोलापूर, सिन्नर, निपाणी भागात हाताशी काम होते विड्यांचे. तेंदूची पाने भिजवायची, मापाने कातरायची, मांडीवर सूप घेऊन पानांत तंबाखू भरायची आणि दोऱ्याने बांधायची, मजुरी हजारी. हे काम कधीही थांबवता येते आणि कधीही पुढे चालवता येते, हा त्याचा मोठा गुण. पण तंबाखूची पूड घरभर उडते आणि हाती लागेल ते तोंडात घालणाऱ्या मुलाला ती घातकच. शिवाय 1948 च्या कारखाना कायद्यातून सुटण्यासाठी मालकांनी काम मुद्दाम घरोघर पाठवले होते. घरी विडी वळणाऱ्या बाईला 'कामगार' ठरवणारा कायदा 1966 मध्ये झाला.

पापडाची गोष्ट जास्त बोलकी आहे. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला घेतले. तेच पुढे 'लिज्जत'. सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. लिज्जतची खरी कल्पकता कामाच्या वाटणीत आहे. पीठ केंद्रावर मळले जाते. सभासद बहिणी सकाळी आपल्या वाट्याचे पीठ घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड वजन करून देतात. मजुरी किलोवर. भांडवल, मापतोल, विक्री संस्थेकडे, हात फक्त बाईचे. ज्या घरातून तासभर उठता येत नाही, तिथे ही रचना जमते. अडचण आहे ती जागेची. पापड पालथ्या टोपल्यांवर वाळतात, घर स्वच्छ आहे की नाही हे तपासले जाते आणि दहा बाय बाराच्या खोलीत चंचल मूल असेल तर टोपली उधळायला क्षण पुरतो. मग पोळपाट निघतो ते मूल झोपल्यावर.

मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळीवाल्या बायकांचे वेगळे होते. सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे, डबे वेळेवर. मुलाला फिट आली तरी गिरणीचा भोंगा थांबत नसे. त्यात सावकाराचे व्याज. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. कर्ज मिळाले, पण विश्रांती मिळाली नाही.

मूल वयात आल्यावर चित्र बदलते. विशेष शाळांच्या कार्यशाळांतून पाकिटे, मेणबत्त्या, दिवाळीच्या पणत्या तयार होऊ लागल्या आणि काही घरांत आईच्या धंद्याला मुलाचा हातभार लागला. पापड मोजून ठेवणे, पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे अशी ठरावीक, पुन्हा पुन्हा करायची कामे काही मुले आवडीने करतात.

कायदा आला तो मुलाच्या बाजूने: 1995 चा अपंग व्यक्ती कायदा, 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचे अपंगत्व. 2016 च्या कायद्यात काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे, पण तो जास्त आधार लागणाऱ्या अपंग व्यक्तीसाठी. आईच्या कमाईकडे यातला कोणताही कायदा पाहत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या आईला मुलासाठी 730 दिवसांची संगोपन रजा आहे. घरी पापड लाटणारीला रजा नाही. ज्या दिवशी पीठ उचलले नाही, त्या दिवसाची मजुरी नाही.