पायविहिरीच्या बुजलेल्या पायऱ्या आणि नारू

जुन्या विहिरी पाहत फिरणाऱ्यांना एक गोष्ट हमखास खटकते. छान घडीव पायऱ्यांची विहीर असते, पण पायऱ्या दगडमातीने बुजवलेल्या आणि वर कठडा. "वारसा मातीत घातला," असं आपण पटकन बोलून जातो. पण कधी कधी त्यामागे नारू असतो.

नारूची मादी 60 सेंटिमीटर ते 1 मीटर लांब. पाण्यातून पोटात गेल्यावर साधारण वर्षभराने ती बहुधा पायातून फोड येऊन बाहेर पडते. आग अशी होते की माणूस पाय पाण्यात घालतो. पायविहिरीत तर पाणी भरायला खाली उतरावंच लागे. पाय भिजला की मादी अळ्या सोडते, त्या सायक्लॉप्स नावाचा ठिपक्याएवढा पाणजीव खातो, आणि तो घोटाबरोबर दुसऱ्याच्या पोटात. हे नातं फेदचेन्को या रशियन अभ्यासकाने 1870 च्या सुमारास दाखवलं.

औषध नाही, लस नाही. कृमी काडीवर गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा, तुटला की जखम चिघळायची. म्हणून 1983-84 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने पाण्याकडेच लक्ष दिलं. दुहेरी फडक्याने गाळणं, टेमेफॉस टाकणं, हातपंप, आणि पायऱ्या बंद करून वरून पाणी ओढायची सोय. 1984 मध्ये देशात सुमारे 40 हजार रुग्ण होते. शेवटचा जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

नारूग्रस्त राज्यांत मध्यप्रदेश होता, महाराष्ट्रही होता. 1956 नंतर पांढुर्णा-सौसर एका राज्यात आणि वरूड-काटोल दुसऱ्या, पण सोयरीक आणि मजुरी चालूच राहिली. नारूला कुठली आली सीमा!

एक मात्र ध्यानात ठेवावं. सायक्लॉप्स दिसला म्हणजे पाणी घाण, असं नाही. चांगल्या तलावातही तो असतो, माशांची पिल्लं त्याच्यावर वाढतात. आज पाणथळ जागा तपासताना गोगलगायी, किड्यांच्या अळ्या आणि परजीवी एकत्र पाहतात, कारण परजीवीला एकामागून एक यजमान लागतात. तो आहे म्हणजे ती साखळी तिथे पूर्ण आहे. नारूच्या साखळीत एक कडी माणसाचा पाय होती, आणि तीच पायऱ्या बुजवून तोडली.

म्हणून आपल्या भागातल्या पायविहिरींची नोंद घेताना पायऱ्या कोणत्या साली बंद झाल्या हेही लिहावं. आणि तिथे पाणी भरलेल्या म्हाताऱ्या बायांना विचारावं, घरात कोणाला नारू निघाला होता का.