अठराव्या वाढदिवसाचं गिफ्ट: घर सोडा

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना दोन-तीन ठिकाणी माझी गाडी घसरली होती, ते इथे नीट केलंय.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून. पहिल्या नोकरीत मी एक नोंदणीचा फॉर्म बनवला होता. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि तिन्हींपुढे लाल चांदणी. वडिलांचं नाव रिकामं ठेवलं तर खालचं बटण दाबलंच जात नव्हतं. टेस्टिंगमध्ये पास, क्लायंट खूश, विषय संपला. पुढे काही वर्षांनी मी रविवारी मुलींच्या एका बालगृहात कॉम्प्युटर शिकवायला जायला लागले. तिथे सतरा वर्षं दहा महिन्यांची एक मुलगी नोकरीसाठी असाच एक फॉर्म भरत बसली होती. मी बनवलेला नव्हता, पण जुळा भाऊ म्हणावा असा. ती म्हणाली, "ताई, इथे काय टाकू? मागच्या वेळी मी एक्स वाय झेड टाकलं, तर मला फोन करून ओरडले."

दोन महिन्यांनी ती अठराची होणार होती. तिला विचारलं, मग जाणार कुठे? ती हसली. मला उत्तर मिळालं नाही, म्हणून मी वाचत सुटले. हा एपिसोड त्यातूनच आलाय.

आधी एक खुलासा. परदेशी सिरीजमध्ये दिसतं तसं फॉस्टर केअर, म्हणजे सरकारने मूल दुसऱ्या कुटुंबात वाढवायला देणं, आपल्या कायद्यात आहे. प्रत्यक्षात मात्र आपल्याकडच्या या मुली बहुतेक करून संस्थेत वाढतात. बालसंगोपन योजनेतून नातेवाईक किंवा दुसऱ्या कुटुंबाकडे राहणाऱ्या मुलांना महिन्याला पैसे मिळतात, २०२३ पासून २,२५० रुपये. पण तेही अठरापर्यंतच. म्हणजे रस्ता कुठलाही घ्या, शेवटचा थांबा एकच.

आता मागे जाऊया. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. परीक्षेत दोन मार्कांना यायचं. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. फुल्यांच्या घरात त्याला अठराव्या वर्षी कोणी बॅग भरायला सांगितली नाही, इतकंच मला इथे नोंदवायचंय.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं. तिथे सुरुवातीलाच आलेली एक बालविधवा म्हणजे गोदूबाई नातू. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी जी संस्था काढली तिचं नाव अनाथ बालिकाश्रम. या नावाशी मी बराच वेळ अडले होते. आई-बाप असलेल्या मुली अनाथ कशा? तर तेव्हा त्या शब्दाचा अर्थ शब्दशः घ्यायचा: नाथ नसलेली. बाईचा नाथ म्हणजे नवरा. तो गेला की ती अनाथ, मग माहेर भरलेलं का असेना. आज आपण हा शब्द आई-वडील नसलेल्यांसाठी वापरतो, पण जुना अर्थ अजून कुठेतरी तळाशी आहे असं मला वाटतं. त्यावर पुढे येते.

रमाबाईंच्या केडगावला मी खास दोन दिवस दिले, कारण तिथे माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणीतरी आधीच शोधून ठेवलंय. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. नंतर गुजरातेतल्या दुष्काळातूनही आणल्या. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनात दीड हजार माणसं होती. इतक्या जणींना फक्त जेवू घालायचं म्हटलं तरी छाती दडपते. पण रमाबाईंनी तिथे शेती केली, गुरं पाळली, विणकाम चालू केलं, तेलाचा घाणा बसवला आणि छापखाना काढला. रमाबाईंनी भाषांतर केलेल्या मराठी बायबलचे खिळे याच मुलींनी जुळवले. दुष्काळात उपाशी सापडलेली मुलगी आणि तिच्या हातात छपाईचं काम! धर्मांतरावरून रमाबाईंवर तेव्हा खूप टीका झाली. तो वाद खरा आणि मोठा आहे, त्यावर वेगळा एपिसोड करू. मला तिथे दिसलं ते हे, की मुलगी दारातून आत आली त्या दिवसापासून ती उद्या काय कमावणार याचा विचार चालू होता. अठराव्या वर्षाची वाट बघत कोणी थांबलं नव्हतं.

मग अठरा आलं कुठून? इथून कायद्यांचा भाग आहे, झोपू नका. मुंबई प्रांताचा मुलांसाठीचा कायदा १९२४ चा. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या एका समितीने, अध्यक्ष प्रा. एम. एस. गोरे, संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांचं पुढे काय, या एकाच विषयावर अहवाल दिला. म्हणजे प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता अशातला भाग नाही. त्या काळात राज्यगृहं आली. महाराष्ट्रात नंतरच्या निवाऱ्याला 'अनुरक्षणगृह' असा सरकारी शब्द आहे. तो शब्द समजून घ्यायलाच एक वर्ष जावं.

१९८६ चा बाल न्याय कायदा आला. त्यात मुलगा सोळापर्यंत बालक, मुलगी अठरापर्यंत. २००० च्या कायद्याने दोघांना अठरा केलं. आता दुसरीकडे बघा. लग्नाचं किमान वय १९७८ मध्ये वाढवलं गेलं: मुलगी अठरा, मुलगा एकवीस. दोन वेगळे कायदे, वेगळी कारणं. पण दोन्ही तारखा एका कॅलेंडरवर ठेवल्या की दिसतं: ज्या दिवशी मुलीचं संस्थेतलं घर संपतं, त्याच दिवशी ती कायद्याने लग्नाला योग्य होते. मुलाच्या बाबतीत मध्ये तीन वर्षांची फट राहते. कोणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही, पण परिणाम व्हायचा तो होतोच. पेपरात अधूनमधून फोटो येतो ना, संस्थेतल्या मुलीचं लग्न, मोठ्या साहेबांनी कन्यादान केलं, सगळे हसतायत. काही लग्नं चांगलीही होत असतील. पण पुढची खोली कुठेच नसताना दिलेल्या होकाराला होकार म्हणायचं का? नाथ मिळाला, फाइल बंद. हाच तो जुना अर्थ.

सध्याचा कायदा २०१५ चा. कलम ४६ म्हणतं की अठरा पूर्ण करून संस्था सोडणाऱ्या मुलाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक मदत देता येईल. देता येईल! मूळ इंग्रजीत 'मे' आहे, 'शॅल' नाही. माझ्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच कळेल. इंटरनेटच्या नियमांसाठी १९९७ मध्ये एक छोटा दस्तऐवज लिहिला गेला, आरएफसी २११९. त्यात 'मस्ट', 'शुड' आणि 'मे' यांचे अर्थ बांधून दिलेत. 'मे' म्हणजे ऐच्छिक, बसवलं तर बसवलं. डेडलाइन आली की आम्ही सगळ्यात आधी काय उडवतो, तुम्हीच सांगा.

२०१६ चे नियम मात्र बरेच नीट आहेत. मदत एकवीसपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षं. सहा ते आठ जणांनी एकत्र राहायची तात्पुरती घरं, विद्यावेतन, प्रशिक्षण. मिशन वात्सल्यमध्ये महिन्याला ४,००० रुपये धरलेत. मी पाच वर्षांपूर्वी पुण्यात पीजीच्या एका खाटेचे सहा हजार देत होते, डबा वेगळा. शिवाय घरमालकाने आधी बाबांशी फोनवर बोलायचं म्हटलं होतं. माझ्याकडे बाबांचा नंबर होता.

आणि तुलना करायची नाही म्हटलं तरी होते. कोविडमध्ये आई-वडील गेलेल्या मुलांसाठी मे २०२१ मध्ये पीएम केअर्स योजना आली. तेवीस वर्षांचे झाल्यावर १० लाख रुपये, त्याआधी अठरापासून दरमहा ठरावीक रक्कम. ते योग्यच होतं. म्हणजे अठराव्या वर्षी माणूस स्वतःच्या पायावर उभं राहत नाही, हे आपल्याला कळतं. ज्यांचे आई-वडील २०१९ मध्ये गेले, किंवा कधी कळलेच नाहीत, त्यांच्यासाठी 'देता येईल'.

एक गोष्ट बदलली, आणि ती एका मुलीने बदलली. अमृता करवंदे गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढली. अठराव्या वर्षी बाहेर पडून पुण्यात आली, कामं करत शिकली. २०१७ ची एमपीएससी दिली आणि नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रावर अडकली. ते मिळतं कुटुंबाच्या उत्पन्नावरून. कुटुंबच नाही, तर दाखला कसला? ती मुख्यमंत्र्यांपर्यंत, देवेंद्र फडणवीसांपर्यंत पोहोचली. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण मंजूर केलं, एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला. पुढे कोणाला अनाथ म्हणायचं यावर सुधारणा होत राहिल्या. लाल चांदणी काढून घ्यायला ती थेट मंत्रालयात गेली, असं मी माझ्या टीममध्ये सांगते.

आमची मुलगी? ती आता दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते, मेडिकल स्टोअरमध्ये काम करते. डिपॉझिट तिघींनी कसं जमवलं ते तिने मला सांगितलेलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. दिवाळीला तिने बालगृहात फोन केला होता, येऊ का म्हणून. उत्तर आलं, पाहुण्यांच्या वेळेत या.

ऐकणाऱ्यांपैकी कोणी संस्थेतून बाहेर पडलेलं असेल, किंवा पडणार असेल, तर दोन कामं आजच करा. अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज आणि अनुरक्षणाच्या मदतीची चौकशी, दोन्ही जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. शक्यतो अठरा पूर्ण व्हायच्या आधी, आणि लेखी. पोच घ्या. संस्थेत किती काळ होता त्याचा कागद, बालकल्याण समितीचा आदेश, आधार आणि बँक पासबुक यांचे फोटो काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा. फोन हरवतो, ईमेल राहतो.