कोंडाणे लेणी

महाराष्ट्रातील प्राचीन बौद्ध लेणी. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाची किल्ल्याच्या डोंगराखाली ती एका उभ्या कड्यात खोदलेली आहेत. एक चैत्यगृह, त्याला लागून विहार आणि पुढे ओळीने भिक्षूंच्या खोल्या अशी त्यांची मांडणी आहे. काल सर्वसाधारणपणे इ. स. पू. पहिले शतक मानतात. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत.

सोपारा, कल्याण, चौल या बंदरांतला माल बोरघाट व आसपासच्या घाटवाटांनी देशावर जात असे. या वाटांच्या माथ्यापलीकडे भाजे, कार्ले आणि बेडसे ही लेणी आहेत; कोंडाणे घाटाखाली, कोकणच्या बाजूला आहे. आज घाटाची मुख्य रहदारी खालापूर तालुक्यातील खोपोलीवरून जाते आणि १८६३ मध्ये सुरू झालेला बोरघाटाचा लोहमार्ग कर्जतहून वर चढतो. लेण्यांचे खोरे या दोहोंपासून आडबाजूला राहिले आहे.

लेण्यांचे तोंड वायव्येस आहे. नैर्ऋत्येकडून पहिले लागते ते चैत्यगृह. ते सु. २० मी. लांब, ८ मी. रुंद आणि कमानीच्या माथ्यापर्यंत साडेआठ मी. उंच आहे. मागच्या अर्धवर्तुळात सु. ३ मी. व्यासाचा स्तूप असून त्याच्या हर्मिकेवर वेदिकापट्टीचे कोरीवकाम होते. मधल्या दालनाभोवती ३० खांब होते. त्यांपैकी बहुतेकांचा खालचा भाग नाहीसा झाला आहे. वरचे तुकडे छताला धरून राहिले आहेत. दर्शनी कमानीतील पडदी आणि छताच्या फासळ्या लाकडी होत्या. त्याही गेल्या. कमानीच्या दोन्ही अंगांना मात्र चैत्यकमानी, वेदिकापट्ट्या आणि त्यांमधल्या चौकटींत स्त्री-पुरुषांच्या नृत्यमुद्रेतील जोड्या आहेत.

प्रवेशाच्या डाव्या हाताला माणसाच्या दुप्पट आकाराच्या एका मूर्तीचे भग्न मस्तक आहे. ते यक्षाचे मानतात. चेहरा झिजला आहे, पण शिरोभूषणाची वीण अजून जाणवते. त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेतील एक ओळ आहे : हे काम कान्हाचा शिष्य बलक याने केले, असा तिचा आशय. बलकाने केवळ मूर्ती घडवली की सारे लेणे, हे त्या ओळीवरून ठरत नाही. प्राचीन लेण्यांतले बहुसंख्य लेख दान देणाऱ्यांचे आहेत. इथे कारागीर स्वतःचे आणि गुरूचे नाव सांगतो, म्हणून या लेखाला महत्त्व आहे. मराठवाड्यातील पितळखोरे येथील यक्षमूर्तीवर कान्हदास या सुवर्णकाराचे नाव आहे. तो आणि बलकाचा गुरू एकच, असे म्हणण्यास मात्र लेखांत आधार नाही.

शेजारचा विहार सु. ७ मी. रुंद व ९ मी. खोल आहे. सभामंडपात १५ खांब होते आणि तीन बाजूंना सहा-सहा अशा १८ खोल्या असून त्यांत झोपण्याचे दगडी ओटे आहेत. छत पाहण्यासारखे आहे. खांबांच्या माथ्यांवरून जाणाऱ्या आडव्या तुळया आणि त्यांच्यामधले बारीक वासे, सारे दगडात कोरलेले. या तुळयांवर छताचा भार नाही. लाकडी इमारतीचा घाट तेवढा पाषाणात उतरवला आहे. त्यापुढे आणखी एक पडझड झालेला विहार, खोल्यांची रांग आणि पाण्याची टाकी आहेत.

लेण्यांचे मुख्य नुकसान पाण्याने केले. कड्यावरून पाणी पावसाळा सरल्यावरही बराच काळ झिरपत राहते आणि खडक खालून ढासळत जातो. जेम्स फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांनी १८८० मध्ये पश्चिम भारतातील लेण्यांबरोबर कोंडाण्याचेही वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळीही झिजेमुळे कोंडाणे आधीचे की भाजे, हे ठरवणे अवघड झाले होते.

कर्जत रेल्वे स्थानकाहून कोंदिवडेमार्गे कोंडाणे गावापर्यंत वाहनाने जाता येते. पुढे झाडीतून चढती पायवाट आहे. लेण्यांच्या वर दमछाक करणारा चढ राजमाचीवरील उधेवाडीस पोहोचतो. लोणावळ्याहून राजमाची गाठून याच वाटेने कर्जतला उतरणारे ट्रेकर बरेच असतात. पावसाळ्यात कड्यावरून लेण्यांसमोर धबधबे कोसळतात आणि गर्दी होते, पण वाट निसरडी असते, ओढे अचानक फुगतात आणि दगड सुटण्याचा धोका असतो. फाल्गुनानंतर पानगळ होऊन सावली विरळ होते, ओढे आटतात; तेव्हा प्यायचे पाणी गावातूनच भरून घ्यावे लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. विहार आतून अंधारा असल्याने छताचे काम पाहण्यास विजेरी हवी. तालुक्यातील दुसरे लेणे पेठच्या किल्ल्याजवळ आंबिवली येथे आहे.