लाकडातला वाघ

वसुबारसेला आम्ही जालन्याकडची माणसे गाय-वासरू पूजितो. त्याच दिवशी जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वारली, कोकणा लोक वाघबारस पाळतात. गाईच्या वैऱ्याचीच पूजा! वर्गात हे सांगितले की हशा पिकतो. पण शिवेवरचा तो वाघदेव पाहावा: उभ्या लाकडावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. मागणे एकच, 'आमची गुरे राख.' ज्याचे भय त्यालाच राखण सोपवायची! तिथल्या बोहाड्यात वाघ मुखवटा होऊन संबळ-सनईवर नाचतो. पूर्वी हे मुखवटे लाकडाचे कोरीत. पुढे कागदाच्या लगद्याचे आले. सोंगाचा मान घराण्यात चालतो, आणि मुखवटा चढला की शेजारचा ओळखीचा गडीही देव ठरतो. पट्टेवाले वाघ त्या रानांतून केव्हाच गेले, बिबटे उरले. लाकडातल्या वाघाचा नारळ मात्र चुकलेला नाही.