शब्द हरवतो, लिंग उरते

साहित्याच्या वर्गात आम्ही रोमान याकोबसन शिकवतो, ते रूपक आणि लक्षणा यांच्या निमित्ताने. या जोडीची मांडणी त्यांनी १९५६ मध्ये वाचाघाताच्या रुग्णांच्या आधारे केली होती, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते. काही रुग्णांना योग्य शब्द निवडता येत नाही, काहींना शब्दांची सांधणी जमत नाही. या दोन उणिवांतून त्यांना भाषेचे दोन अक्ष दिसले.

त्याआधी शोध होता तो मेंदूतील जागेचा. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी ‘तां’ एवढेच उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत, डाव्या बाजूच्या पुढील भागात, इजा दाखवली. १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके यांनी अस्खलित पण विस्कळीत बोलणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. भाषा ‘कुठे’ याच्या पुढे जाऊन ती ‘कशी’ घडते, हे मानसभाषाविज्ञानाने विचारले. विलेम लेवेल्ट यांच्या १९८९ च्या प्रतिमानात आधी आशय, मग शब्दाची व्याकरणिक ओळख आणि शेवटी ध्वनिरूप, अशा पायऱ्या आहेत. १९९५ मध्ये ‘दान्ते’ या टोपणनावाने नोंदलेल्या इटालियन रुग्णाने त्यांना बळ दिले. वस्तूचे नाव ओठांवर येत नसतानाही त्या नामाचे लिंग तो अचूक सांगे.

मराठीत तर लिंगे तीन. ‘खुर्ची’ न आठवलेला रुग्ण ‘ती मोडली’ म्हणाला, तर शब्दापर्यंतची अर्धी वाट त्याने चाललेली असू शकते. ते उत्तर केवळ ‘चूक’ म्हणून नोंदले, तर ही वाट दिसतच नाही.

उमेळ्याच्या, एकूणच वसईच्या परिसरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. इथे अनेक घरांत वाडवळी, सामवेदी किंवा आगरी बोलली जाते. शाळेत मात्र प्रमाण मराठी. आधी शिकलेले अधिक टिकते, असे रिबो यांनी १८८१ मध्ये म्हटले. सर्वाधिक वापरातली भाषा आधी परतते, असे पित्र यांनी १८९५ मध्ये मांडले. दोन्ही नियमांना अपवाद सापडले आहेत. म्हणून रुग्णाची भाषा गृहीत धरता येत नाही. ती घरच्यांना विचारावी लागते.

प्रमाण मराठीतल्या चाचणीपुढे एखादी आजी बोलीतला शब्द उच्चारते, तेव्हा तिची भाषा गेली की आपल्याला ती ऐकू आली नाही? बोलींचा अभ्यास ही केवळ साहित्याची हौस नव्हे, असे आम्हांला वाटते ते याच कारणाने.